बाबांच्या झडपेसाठी प्लॉट विकायचा का?

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वडील ७९ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, पेन्शन महिना ३८ हजार. बायपास पूर्वीच झालेली, मूत्रपिंडं अशक्त, आणि आता हृदयाची महाधमनीकडची झडप कडक होऊन अरुंद झालीय. जिना चढताना दम लागतो, दोनदा चक्कर आली. पुन्हा छाती उघडणं धोक्याचं म्हणून डॉक्टरांनी 'टावी' (छाती न उघडता झडप बसवणं) सुचवली. अंदाज १८.५ लाख. सात वर्षं जुनी आरोग्य विम्याची पॉलिसी आहे, बोनस धरून ७ लाखांची. वडिलांचे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ९ लाख (तीन वर्षं झाली) आणि एफडीत ७ लाख, आईच्या नावावर ८ लाख. धाकटा भाऊ म्हणतो गावाकडचा प्लॉट विकू. वाचक स्वतः १० लाखांचं पर्सनल लोन काढायच्या बेतात आहेत. आणि बाबा म्हणतात, "माझ्यावर एवढा पैसा घालू नका, नातीच्या शिक्षणाला ठेवा."

मी हिशेब दोनदा मांडून पाहिला. हा खर्च बाबांच्याच पैशातून होतो. प्लॉट नको, कर्ज नको, आईच्या ८ लाखांना हात नको.

पण पैशाआधी एक प्रश्न डॉक्टरांना विचारा. टावीत मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन जुन्या झडपेच्या आतच नवी उघडतात. फ्रान्समधल्या रुआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये ती पहिल्यांदा माणसावर केली. ज्यांच्यावर उघडी शस्त्रक्रिया करणं शक्यच नव्हतं अशा ३५८ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात दगावले, टावी झालेल्यांपैकी ३०.७ टक्के. फरक मोठा आहे, पण टावी होऊनही शंभरातले तीस गेले, हेही त्यातच आहे. तेव्हापासून झडपाही सुधारल्या आणि डॉक्टरांचा सरावही वाढला. तरी स्पष्ट विचारा: झडप बदलल्यावर बाबा बाजारापर्यंत चालत जातील, की बाकीची दुखणी त्यांना खाटेवरच ठेवतील? उत्तर दुसरं आलं, तर मीही खर्च करा म्हणणार नाही. पहिलं आलं, तर थांबू नका. चक्कर यायला लागल्यावर हा आजार फार वेळ देत नाही.

आता आकडे. १८.५ लाख हा अंदाज आहे, बिल नव्हे. टावीनंतर काहींना पेसमेकर लागतो, आयसीयूतला मुक्काम वाढतो. म्हणून २१ लाख धरा. हॉस्पिटलकडून झडपेची किंमत वेगळी लिहून घ्या, कारण बिलातला मोठा वाटा तिचाच. स्टेंटच्या किमतींना सरकारने २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली, तशी या झडपांना नाही. गुजरातेत वापीला बनणारी मायव्हल आणि परदेशी झडपा, दोन्हींचे दर मागा. कोणती बसवायची ते सीटी स्कॅन पाहून डॉक्टरच ठरवतील, पण दर विचारण्यात लाज कसली?

पॉलिसीचे ७ लाख असले तरी मी ६ धरतो. खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतलीत, तर बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कात्री लागते. मात्र झडप, औषधं आणि तपासण्या या कात्रीत येत नाहीत. हे २०२० पासूनच्या नियमांत आहे आणि क्लेमच्या टेबलावर सोयीस्करपणे विसरलं जातं. पॉलिसीला पाच वर्षं उलटून गेलीत, त्यामुळे जुनं दुखणं सांगितलं नव्हतं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. कॅशलेसची मंजुरी ॲडमिट होण्याआधीच घ्या. सत्तरीपुढच्यांसाठीचं ५ लाखांचं आयुष्मान कार्डही काढून ठेवा. पण ते यादीतल्या हॉस्पिटलात, ठरलेल्या पॅकेजपुरतंच चालतं, १८.५ लाखांच्या बिलातून वजा होत नाही.

उरले १५ लाख. बचत योजनेचं खातं दोन वर्षांनंतर बंद केलं तर १ टक्का कापतात, म्हणजे ९ हजार. त्यातून थोडेथोडके काढता येत नाहीत, पूर्ण खातंच बंद करावं लागतं. हाती ८.९१ लाख. बाकीच्या ६.०९ लाखांसाठी एफडी लगेच मोडू नका. तिच्यावर साधारण ९० टक्के, म्हणजे ६.३ लाखांपर्यंत ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल) मिळतो. क्लेमचा निकाल लागला की जेवढी गरज उरेल तेवढीच एफडी मोडा.

बाबांचं तिमाही १८,४५० रुपये व्याज बंद होईल, हे खरं. दोघांचं घर पेन्शनवर चालतंय, म्हणून ते सोसेल. आणि एक रुक्ष गोष्ट सांगतो, रागावू नका. बाबांच्या माघारी आईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन आताच्या पेन्शनच्या साधारण साठ टक्के असेल. महिना पंधराएक हजारांची तूट. आईचे ८ लाख त्या दिवसांसाठी आहेत, म्हणून ते राखायचे. बाबांना "नातीचे पैसे नातीलाच राहताहेत" एवढं दाखवलंत, तर त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

१० लाखांचं लोन १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता २२,७५० च्या आसपास आणि व्याजच साडेतीन लाखांवर. प्लॉटचं तर विचारूच नका. घरात आजारपण आहे हे गावात दोन दिवसांत कळतं आणि गिऱ्हाईक किंमत पाडून मागतं. शेतजमिनीचे गुंठे असतील तर तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला कायद्याची आडकाठी) दस्त अडकू शकतो तो वेगळाच.

पोस्टातलं खातं बंद करायला बाबांची सही लागेल. ॲडमिट होण्याआधी त्यांना स्वतः घेऊन जा, आणि पैसे आईबाबांच्या जोडखात्यात घ्या, दोघांपैकी कुणाच्याही सहीने निघतील असे.