दगडावर आकडा आहे, नाव शोध

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. युद्धाच्या पाट्या बघत फिरायची तुझी यादी पाहिली. साताऱ्याहून माणगावपर्यंत दोन दिवसांत अकरा गावं, आणि खाली प्रश्न: "सगळीकडे सारखीच पाटी असेल तर बघायचं काय?"

पाटी सारखीच असते, खरं आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव बसवलेल्या त्या पाट्यांचा मजकूर जवळजवळ ठरलेला: 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. म्हणून तर जायचं. निदान एक नाव हाती लागल्याशिवाय गाव सोडायचं नाही. हे पटत नसेल तर अकरा काय, पन्नास गावं कर, पण मग मला विचारू नकोस.

यादीतली आठ गावं आजच खोड. अपशिंगे ठेव. तिथल्या 46 जणांनी त्या युद्धात प्राण दिले आणि गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, पण तिथे पाहुणे फार येतात, गावाला उत्तरं पाठ झालीत. माणगाव ठेव. यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. त्यांची कबर माहीत नाही, तरी नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात. ते बघून झालं की शेजारच्या एखाद्या गावातला नुसता आकडा कसा टोचतो ते बघ. तिसरं गाव असं निवड, जिथे कुणी जात नाही.

पाटी जुनी चावडी, शाळेची पडवी, देऊळ किंवा वेस, यांपैकी कुठेतरी असते. "स्मारक कुठे?" विचारलंस तर लोक नव्या चौथऱ्याकडे पाठवतील. "इंग्रजांच्या वेळची लढाईची पाटी" असं विचार. फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढ. भरदुपारी कोरीव अक्षरं सपाट दिसतात, तेव्हा बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश टाक. आधी सगळी भिंत, मग समोरून पाटी, मग एकेक ओळ. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचं अ‍ॅसिड यांनी संगमरवर विरघळतो आणि अक्षराच्या कडा जातात. खडूने अक्षरं भरू नकोस. कुणी हौसेने ऑइलपेंट फासायला निघालं तर हात जोडून थांबव. रंग खाचेत बसतो आणि पुढे पापुद्र्याबरोबर दगडही सोलून आणतो.

आता नावाचं. घरात पदकं असतील तर त्यांच्या कडेवर भिंगाने बघ: चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक काशाचं निघालं तर माणूस बहुधा मजूर किंवा खेचरवाला होता. त्यालाही पाटीतल्या आकड्यात धरलेलं असू शकतं, म्हणून त्याला वगळू नकोस. मेलेल्याच्या घरी तळहातापेक्षा मोठी, साधारण 12 सेंटिमीटरची काशाची गोल तबकडी आली असेल. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. चिंच-मीठ लावून घासायला निघालेल्या आजीला आधी आवर, पदकाच्या कडेवरची आणि तबकडीवरची अक्षरं तिथेच झिजतात.

कोकणात घर बंद असेल तर ट्रंकेची किल्ली मुंबईत असते. शिमग्याला किंवा मे महिन्यात जा, चाकरमानी आलेले असतात. पालखी दारात असेल त्या दिवशी मात्र तुझ्याशी कुणी बोलणार नाही. पावसाळ्यात आंबेनळी आणि वरंधा, दोन्ही घाटांत दरडी येतात, तेव्हा त्या दिवसांत हट्ट नको.

घरात काहीच मिळालं नाही तर युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत 'अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन' या रकान्यात गावाचं नाव टाकून शोध. बऱ्याच शिपायांपुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. जिल्हा त्या वेळचा घे: रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात, तासगाव साताऱ्यात. कारकुनाने कानाला आलं तसं रोमनमध्ये लिहिलंय, म्हणून पवार 'पोवार' करून बघ, शिंदे 'सिंदे', जाधव 'जाधाव'. पंजाबची भरतीची रजिस्टरं गाजली, ती आपल्या कामाची नाहीत. आकडा जुळत नसेल तर वाड्या बघ. तेव्हा एकाच मौज्यात (महसुली गावात) असलेल्या वाडीची आज वेगळी ग्रामपंचायत असते.

"इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कसलं कौतुक?" हे तुलाही ऐकवतील. मी वाद घालत नाही. हिंदुस्थानी फौजेची पुणे डिव्हिजन 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत आजच्या इराकमधल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथे होत्या. शरणागतीनंतर पायी हाकलेल्या तांड्यांत कितीतरी कैदी वाटेतच मेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचा पलटणीवार आकडा. कमिशनने त्याबद्दल 2021 मध्ये माफी मागितली. तिकडे आकडा, इकडे गावातही आकडा. आपणही आकडा टिपून गाडीला किक मारायची का? ज्यांनी नावं सांगितली असती ती पिढी गेली. मी गाड्या कितीही पळवल्या असत्या तरी ती थांबली नसती. म्हणून मी एका गावात मुक्काम ठोकतो. लोक म्हातारा हट्टी म्हणतात, म्हणोत. नाव घेऊनच निघायचं.

मिळालेली नावं मराठीत आणि रोमनमध्ये, प्रत्येकापुढे ती कुठून कळली ते लिहून, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत दे. जुन्या दगडावर काही कोरू देऊ नकोस, शेजारी वेगळा फलक लागू दे. त्याला ठराव लागतो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय यायला हवा असेल तर अर्ज डिसेंबरातच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) दे आणि पोच घे.