युरोपच्या समुद्रावरचं संशोधन, सोलापूरला त्याचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी बीएस्सीला आहे, ती सांगत होती की युरोपात समुद्र साफ ठेवायला सरकारी पैशातनं मोठमोठे रिसर्च प्रोजेक्ट चालतात. त्यातनं खरंच काही निघतंय का, का नुसते रिपोर्टच? आणि आपल्याकडं समुद्रच नाही, मग आपण कशाला डोकं घालायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, निघतं की! 1999 ला फ्रान्सजवळ एरिका नावाचं तेलाचं जहाज बुडालं, नंतर नोव्हेंबर 2002 मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यासमोर प्रेस्टिज फुटलं, त्यात 77 हजार टन जड तेल होतं, किनारेच्या किनारे काळे झाले, मासेमारी बंद पडली. एरिकानंतर युरोपियन युनियननं सागरी सुरक्षेची स्वतंत्र एजन्सी काढली, ती लिस्बनला आहे, आणि 2007 पासून ती क्लीनसीनेट चालवते, म्हणजे सॅटेलाइटच्या रडारनं समुद्रावर तेल शोधायचं. तेल पसरलं की पाण्यावरच्या बारीक लाटा दबतात, मग रडारचा सिग्नल परत फिरत नाही आणि फोटोत तेवढाच भाग काळा दिसतो, रात्र असो का ढग असोत. पण वारा पडला तरी तसाच काळा डाग येतो, म्हणून शेवटी विमान नाहीतर बोट पाठवून खात्री करावीच लागते. ही मेहनत बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं पैसे पाण्यात गेले.

2020 ला सीक्लिअर नावाचा रिसर्च प्रोजेक्ट सुरू झाला, त्यात रोबोटनी समुद्राच्या तळावरचा कचरा उचलायचा, टेस्टिंग हांबुर्गच्या बंदरात आणि क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला. गोची अशी की समोर बाटली आहे का जिवंत प्राणी, हे रोबोटला कळलं पाहिजे, आणि गढूळ पाण्यात ते फार अवघड. गोजेली नावाच्या प्रोजेक्टात तर जेलीफिशच्या चिकट स्रावानं मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, पकडायचा प्रयत्न झाला, मला तो सगळ्यात भारी वाटतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पॉलिस्टरचं कापड धुतलं की त्याचे बारीक तंतू सुटतात, तेही मायक्रोप्लास्टिकच, आणि आपली भीमा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरातच जाते की. शुद्ध कॉटनच्या टॉवेलचा हा प्रश्न नाही, पण मिक्स धागा वापरत असाल तर धुलाईचं पाणी कुठं जातंय ते आत्ताच बघा.

मुलीला सांगा, कॉर्डिस ही युरोपियन युनियनची साइट उघड, पब्लिकच्या पैशातनं झालेल्या प्रोजेक्टांची माहिती तिथं फुकट आहे, पैसे किती दिले तेही लिहिलेलं असतं. आधी 'मायक्रोप्लास्टिक' आणि 'टेक्सटाइल' हे दोन शब्द इंग्रजीत टाकून शोधायला सांगा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय तिला तिथंच मिळेल.