खचलेले काँक्रीट उचलून घ्यावे का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील काँक्रीट एका कोपऱ्यात सुमारे दोन इंच खचले आहे. ते न फोडता उचलून देतो, असे एक कंत्राटदार सांगतो. काम द्यावे का? – सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : काँक्रीटचे बारीक तुकडे झाले नसतील, तर छिद्रे पाडून खाली दाबाने सिमेंटचे ग्राउट (पातळ मिश्रण) किंवा फुगणारा पॉलियुरेथेन फोम भरून ते उचलता येते. फोम महाग पडतो. मात्र त्याला छिद्रे लहान पुरतात आणि गाड्या लवकर सोडता येतात.

तथापि, काँक्रीट कशामुळे खचले याचा विचार न करता थेट दर सांगणाऱ्यास काम देऊ नये, कारण गळणारी ड्रेनेजची वाहिनी भरावातील माती वाहून नेत असेल, तर नव्याने भरलेल्या ग्राउटखालीही पोकळी होईल, आणि खाली पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात आकसणारी काळी माती असल्यास काँक्रीट पुन्हा हलू शकते. जवळच्या कॉलमला किंवा भिंतीला तडे दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

करारात कामापूर्वीच्या व नंतरच्या लेव्हलची नोंद, पाण्याचा उतार आणि जमिनीखालील वाहिन्या ग्राउटने बुजल्यास जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे. पृष्ठभाग अगदी सपाट करण्याचा आग्रह, जो सभासद हमखास धरतात, तो मुळीच मानू नये, पाणी साचेल. ग्राउटच्या पोत्यांवर दर ठरवल्यास खर्चाला मर्यादा राहत नाही, म्हणून कमाल रक्कम आधीच ठरवावी.