मुख्य गायकाचा गळा, कान आणि करार

प्रश्न : तालमीत सगळी गाणी नीट होतात, पण कार्यक्रमात शेवटच्या तीन गाण्यांना आवाज फाटतो. रियाज कमी पडतोय का?

बहुधा रियाज नाही, मॉनिटर, म्हणजे मंचावर गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, कमी पडतोय. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. तालमीत ड्रमर हात राखून वाजवतो, मंचावर मोकळा सुटतो. मग स्वतःचा सूर ऐकू येईना की गायक गळा आवळून गातो आणि तासाभरात स्वरतंतू सुजतात.

कार्यक्रमाआधीच्या साउंडचेकला मॉनिटरमध्ये आधी फक्त तुमचा आवाज घ्या. मग त्याच्याखाली सूर धरायला कीबोर्ड किंवा गिटार, आणि शेवटी लय कळेल इतकेच ड्रम. गिटारचा अँप्लिफायर जमिनीवर ठेवला असेल तर तो गिटारवादकाच्या कानाच्या दिशेने तिरका उचला. त्याला स्वतःचं वाजवणं नीट ऐकू आलं की तो आपणहून आवाज कमी करतो.

माईकची जाळी मुठीत धरू नका. जाळीमागच्या फटी झाकल्या गेल्या की माईकला दिशा कळत नाही, शिट्टी वाजते, ध्वनितंत्रज्ञ तुमचा आवाज खाली आणतो, आणि तुम्ही आणखी ओरडता. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा, माईक थेट पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर त्याच्या बरोबर मागे, म्हणजे तुमच्या समोर ठेवायचा. त्याहून अरुंद दिशेने ऐकणाऱ्या सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा समोरून मोजल्यास साधारण १२५ अंशांवर असते, तिथे मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा लागतो. भाड्याने आलेला माईक कोणता आहे, हे आधी विचारून घ्या.

एवढं करूनही फाटतोच, तर पट्टी उतरवा. स्टुडिओत गाणं ओळीओळीने, पुन्हा पुन्हा गाऊन जोडलेलं असतं. तीच पट्टी दौऱ्यात रोज एका दमात पेलेलच असं नाही. साधी कसोटी अशी : तालीम संपताना गाण्यातला सर्वांत वरचा सूर मध्यम आवाजात लागोपाठ तीनदा स्वच्छ लागला पाहिजे. लागत नसेल तर अर्धा सूर खाली या. अनेक नावाजलेले बँड हेच करतात, त्यात कमीपणा नाही. फक्त आधी ध्वनिमुद्रित केलेले ट्रॅक वाजवत असाल, तर तेही नव्या पट्टीत करून घ्यायला विसरू नका.

प्रश्न : दौऱ्यात घसा बसला आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असला, तर काय करावं?

आधी घसा कसा बसला ते बघा. सर्दी-थकव्याने हळूहळू जड झालेला आवाज एक गोष्ट, आणि गाता गाता एका क्षणात गेलेला आवाज वेगळी. दुसऱ्या प्रकारात स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तिथेच थांबा, बोलणंही बंद करा, कार्यक्रम रद्द करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या. तपासणीआधी अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

साधी सूज असेल तर बोलणं कमी करा. कुजबुजू नका, त्यानेही अनेकांच्या गळ्यावर ताण येतो. स्ट्रॉचं टोक पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवून मऊ 'ऊ' काढत सूर खाली-वर न्या, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. जवळजवळ मिटलेल्या तोंडामुळे आतला दाब सावरला जातो आणि तंतू एकमेकांवर कमी आपटतात. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, शरीरातून पोचायला वेळ लागतो. म्हणून मंचामागे बाटली रिकामी करण्यापेक्षा सकाळपासून पीत राहा. वाफ मात्र तंतूंपर्यंत थेट जाते. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या टाळा, दुखणं कळेनासं होतं आणि गायक त्यावर जोर देत राहतो. कार्यक्रमानंतर गोंगाटात तासभर मारलेल्या गप्पाही गळ्याला जड जातात.

तीन आठवडे उलटूनही आवाज घोगराच राहिला, तर गाठी आहेत का ते तपासायलाच हवं.

प्रश्न : इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर) लावला की प्रेक्षक ऐकू येत नाहीत. एक कान मोकळा ठेवला तर चालेल?

नको. दोन्ही कानांनी ऐकलं की तोच आवाज मोठा वाटतो. एक काढलात की उरलेल्याचा आवाज तुम्ही वाढवणार, आणि उघडा कान मंचाचा मारा झेलणार. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची प्रचलित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली ऐकू कमी येण्याच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला होता. प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माईक लावा आणि ते तुमच्या इन-इअरमध्ये हलकेच मिसळायला सांगा.

प्रश्न : चाली आणि शब्द माझे, तरी बाकीचे तिघे समान वाटा मागतात. योग्य काय?

रचनेचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा आणि कार्यक्रमाचं मानधन तिसरं. तिन्ही एकत्र मोजलीत तर भांडण ठरलेलंच. मानधन समान ठेवावं असं माझं ठाम मत आहे. रचनेबाबत दोन्ही रीती चालतात. क्वीन या ब्रिटिश बँडने १९८९च्या अल्बममध्ये सगळी गाणी चौघांच्या नावे केली, त्यामुळे कोणतं गाणं निवडायचं यावर पैशाची सावली पडेनाशी झाली. रीत कोणतीही ठरवा, पण गाणं पूर्ण होईल त्याच दिवशी कागद करा : गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाची टक्केवारी, बेरीज १००, सगळ्यांच्या सह्या.

प्रश्न : बँड न सोडता एकट्याचा अल्बम काढता येतो का?

येतो. फिल कॉलिन्सनी १९८१ साली स्वतःचा पहिला अल्बम काढला आणि त्यानंतरही कित्येक वर्षं ते जेनेसिस या आपल्या बँडमध्ये गात राहिले. मात्र आधी बँडचा रेकॉर्ड कंपनीशी झालेला करार काढून वाचा. सदस्याच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रणावरही कंपनीचा पहिला हक्क, असं कलम अनेक करारांत असतं, आणि बँड सोडल्यावरही ते लागू राहू शकतं. बँडचं नाव कोणाच्या मालकीचं, तुम्ही गेलात तर बाकीचे ते वापरतील का, जुनी गाणी तुम्ही मंचावर कशी गाल, हे सगळं संबंध चांगले असतानाच वकिलाकडून लिहून घ्या.