सगळं आहे, तरी आत काहीतरी खुपतंय

"मॅडम, मला कसली कमी नाही. तरी समाधान का नाही?" फोंड्यातल्या माझ्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहतो. त्यातलाच एक अनुभव सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

चाळिशीतले गृहस्थ. पणजीत सरकारी नोकरी, स्वतःचा फ्लॅट, मुलं गुणी. मूळ घर डिचोली तालुक्यात. दरवर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे भाऊबंद तिथे जमतात आणि परतल्यावर महिनाभर यांचं चित्त थाऱ्यावर नसतं. त्या वर्षी चुलतभाऊ नवी मोठी गाडी घेऊन आला होता. यांची गाडी दोनच वर्षांची. तरी बायको झोपली की हे मोबाइलवर त्या गाडीचा हप्ता काढत बसायचे. पाच वर्षांचा किती, सात वर्षांचा किती. घ्यायची नाही हे ठरलेलं, तरी.

मग कुणीतरी सांगितलं, बुद्धाने तृष्णा हेच दुःखाचं मूळ म्हटलंय. यांनी ते फारच मनावर घेतलं. मासे सोडले, मित्रांकडे जाणं बंद केलं, गाडीचा विचार आला की स्वतःलाच शिव्या. बायको म्हणाली, "आधी चिडायचे, आता बोलतच नाहीत."

ही चूक प्रामाणिक माणसंच करतात, म्हणून जीव तुटतो. सारनाथच्या पहिल्या प्रवचनात बुद्धाने तृष्णा तीन प्रकारची सांगितली. कामतृष्णा, म्हणजे हे सुख मिळावं. भवतृष्णा, म्हणजे मी अमुक व्हावं. आणि विभवतृष्णा, म्हणजे नकोसं आहे ते नाहीसंच व्हावं. पहिल्या दोघींपासून पळताना हे तिसरीच्या तावडीत सापडले होते. त्याच प्रवचनाच्या सुरुवातीला देहदंडही टाळायला सांगितलं आहे, आणि सांगणाऱ्याने सहा वर्षं स्वतःचं शरीर सुकवून पाहिलं होतं.

दुःख कसं उभं राहतं याची बुद्धाने सांगितलेली एक साखळी आहे. मी त्यांना तिच्यातला एकच सांधा दाखवला. वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान. वेदना म्हणजे इथे दुखणं नव्हे. बरं, वाईट किंवा धड दोन्ही नाही, असं जे वाटून जातं ते. उपादान म्हणजे धरून ठेवणं, आणि पालीत त्याचा अर्थ सरपण असाही होतो. गाडी दिसली, हवीशी वाटली, इथवर कुणाच्या हातात नसतं. रात्रीचा हप्ता मात्र आपणच चुलीत सारलेलं लाकूड.

"इच्छा मारू नका," म्हटलं. "ती उठते तेव्हा अंगात कुठे कळते, तेवढं वहीत लिहा."

पंधरा दिवसांनी वही आली. एका पानावर होतं: 'रात्री ११.२०. गळ्याशी आवळल्यासारखं. अंगठा आपोआप फिरतोय. बाबांची स्कूटर आठवली.'

स्कूटरचं विचारलं. लहानपणी चवथीला चुलते गाड्यांनी यायचे आणि हे चौघे एका जुन्या स्कूटरवर, पावसात भिजत. अंगणात उतरताना आईने पदराने यांचं डोकं पुसलं होतं आणि सगळे बघत होते. सांगताना ते बराच वेळ रडले. गाडीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. भवतृष्णा हा शब्द मलाही त्या ओलेत्या डोक्यापाशी नीट कळला.

"मग माणूस प्रगती करायचाच थांबेल ना?" हेही विचारून झालं. नाही थांबत. चांगलं काही करावं या इच्छेला बौद्ध परंपरेत 'छंद' हा वेगळा शब्द आहे. ती सोडायला कुणी सांगितलेलं नाही. मात्र झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते तृष्णेच्या खाती टाकू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

पुढच्या चवथीनंतर ते पुन्हा आले. स्टुलावर चढून गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला तोरिंगाचं फळ बांधत होते, तेवढ्यात अंगणात ती गाडी शिरली.

"गळ्याशी आलं, मॅडम. म्हटलं, आलीस का. हातात दोरी होती, गाठ मारली." मग थोडं थांबून म्हणाले, "गाडी अजून आवडते. रात्री हप्ता काढत नाही."