हिंगणघाट नेमकं कसं गाव आहे? तिथे मिल, रेल्वे वगैरे कशी आली?

तुमची बदली हिंगणघाटला झालीय आणि गाडीतून फक्त स्टेशन आणि जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचे, शेड दिसले, म्हणून विचारताय. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. माझं गाव याच तालुक्यातलं, घरी पऱ्हाटी म्हणजे कापसाची शेती, कापूस विकायचा तर हिंगणघाट, लग्नाचा बस्ता घ्यायचा तरी हिंगणघाट, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

लोक म्हणतात रेल्वे आली न गाव मोठं झालं. मला नाही पटत. कापूस आधीचा आहे. रेल्वे नव्हती तेव्हा आपल्या भागातला कापूस बैलांवर लादून पार मिर्झापूरला गंगेपर्यंत जायचा, किती दिवस लागत असतील विचार करा! इथला देशी बणी कापूस लांब धाग्याचा, आणि इंग्लंडच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावानं त्याचा भाव निघायचा. पुढे शेतकऱ्यांनी जरी नावाचा आखूड धाग्याचा कापूस लावला कारण उतारा, म्हणजे वजन, जास्त, आणि बणी मागे पडला. याचं मला खरंच वाईट वाटतं, पण शेतकऱ्याला दोष कसा देणार, व्यापारी चांगल्या धाग्याचे पैसे जास्त देत नसेल तर तो वजनच पाहणार ना.

रेल्वे म्हणाल तर मुंबईची लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, ती वर्ध्यावरून गेली. मग १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून फाटा काढला तो हिंगणघाटवरून. वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद पडली पण लाइन राहिली, कापसाच्या गाठी जात राहिल्या, आणि १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा जोडलं गेल्यावर हीच लाइन दिल्ली-मद्रासची मेन लाइन झाली.

तोवर मिलही आल्या होत्या. बन्सीलाल अबीरचंद मिल जुनी, १९७४ ला सरकारनं ताब्यात घेतली ती. मोहोता मिल १८९८ ची. मिलच्या काळात भोंग्यावर गाव चालायचं असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात, भोंगा झाला की डबा घेऊन माणसं निघाली. आता ते दिवस नाहीत, आता जोर जिनिंग-प्रेसिंगवर, म्हणजे सरकी काढून गाठी बांधण्यावर. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३५ किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, बाकी सरकी, तिचं तेल आणि ढोरांना ढेप. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस गेला. दिवाळीनंतर मार्केट यार्डात नक्की जा, गाड्यांची रांग, हमाल, अडते, भावावरून चाललेली घासाघीस, या गावाचा स्वभाव तिथंच कळतो, बोलायला रोखठोक, पण अनोळखी माणसालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

अजून एक, जे इथल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिंदुस्थानच्या जमिनीची मोठी त्रिकोणमितीय मोजणी (सर्व्हे) सुरू करणारा इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला इथंच वारला, हैदराबादहून नागपूरला जाताना. त्याची कबर गावात आहे. म्हणजे रेल्वेच्या पन्नासेक वर्षं आधीही दक्षिणेतून नागपूरचा रस्ता इथूनच जायचा.

बाकी वना नदी आहे, लाखभर वस्ती आहे, नागपूर हायवेनं शंभर किलोमीटरच्या आत, उन्हाळा मात्र कडक, कूलरची सोय आधी करा. आणि टपरीवर बसलात की हिंगणघाट वेगळा जिल्हा व्हावा हा विषय निघणारच, जुनी मागणी आहे, आणि माझं मत विचाराल तर व्हायलाच पाहिजे.