समुद्री शैवाल आणि डीएनए दुरुस्ती: सुरुवात इथून कर

समुद्री शैवालात डीएनए दुरुस्ती कशी होते हे बघायचंय ना, मग नाशिकला समुद्र नाही म्हणून अडू नकोस. फिओडॅक्टायलम हा समुद्री डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल) प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाऱ्या पाण्यात छान वाढतो. गोदाघाटावरचं शेवाळ मात्र आणू नकोस. त्यात दहा जाती मिसळलेल्या असतात आणि ती गोड्या पाण्यातली.

याच डायटममधलं सीपीएफ१ हे प्रथिन निळा प्रकाश ओळखून जनुकांचं काम बदलतं आणि अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनएही दुरुस्त करतं. दोन्ही कामं एकाच प्रथिनाकडे, हे किती विलक्षण आहे! आधी फक्त दुरुस्ती बघ: अतिनील मारा झाल्यावर अर्ध्या पेशी अंधारात, अर्ध्या निळ्या प्रकाशात ठेव आणि किती जगल्या ते मोज.

नवखे इथे हमखास चुकतात:
- पेट्री डिशचं झाकण तसंच ठेवतात. दिव्याचे २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण त्यातून जात नाहीत, म्हणजे मारा होतच नाही.
- माऱ्यानंतर ट्यूबलाइटखाली रेंगाळतात. दुरुस्ती तिथेच सुरू होते आणि अंधारातला गट वाया जातो. खोलीत मंद लाल दिवा लाव.
- अतिनील दिव्याचा मारा न झालेला गट ठेवतच नाहीत.

डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा, हातात मोजे. यात तडजोड नाही. जनुकांचं काम बदलण्याचं नंतर बघू. पहिले आकडे आले की पाठव, आपण बसून पाहू.